पत्राच्या मधोमध आलेलं एक वाक्य

हे पत्र ऑगस्ट २०२१ मधलं, नाशिकच्या एका आईचं. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते आहे:

“माझा मुलगा पंधरा वर्षांचा. यंदा दहावी झाली, परीक्षेविना. अकरावीसाठी सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) होणार म्हणून जोमाने नाही तरी अभ्यास करत होता, तीही आता रद्द झाली. एप्रिलमध्ये घरातल्या सगळ्यांना कोरोना झाला. पहिला ताप मुलाला आला, तीन दिवसांनी माझ्या सासऱ्यांना. मुलगा घरीच, वेगळ्या खोलीत राहून बरा झाला. सासरे बारा दिवस दवाखान्यात होते, तिथेच गेले. अंत्यविधीला मिस्टर आणि दीर एवढेच जाऊ शकले. मुलं सासऱ्यांना आप्पा म्हणायची. मी पतसंस्थेत नोकरी करते, मिस्टरांचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, त्यामुळे मुलाला आप्पांनीच वाढवलं म्हटलं तरी चालेल. आजारपणाआधीच्या त्या दिवसांत माझी नोकरी चालूच होती, दुकानही अर्धं शटर ओढून चालू होतं. आप्पा लशीसाठी दोन दिवस रांगेत उभे राहून आले होते. ऑक्सिजनच्या बेडसाठी पळापळ चालली होती तेव्हा मिस्टर रागाच्या भरात मुलाला एकदा म्हणाले, ‘तुझ्या क्रिकेटपायी हे झालं.’ पण ते तेवढ्यापुरतंच होतं, नंतर आमच्याकडे कुणी तो विषय काढलेला नाही. आप्पा गेले तेव्हा मुलगा रडला नाही. आता मात्र रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मोबाइल आणि दुपारी बारापर्यंत झोप. क्लासच्या ऑनलाइन तासाला हजेरी लावतो नि कॅमेरा बंद करतो. आमच्यात जेवायला बसत नाही. काही विचारलं तर ‘हं’, नाहीतर ‘माहीत नाही’. बॅट माळ्यावर टाकून दिली आहे. मिस्टर म्हणतात, मोबाइल काढून घेतला की आठ दिवसांत सरळ येईल. मला भीती वाटते, पण दुसरं काही सुचत नाही. आठ वर्षांची धाकटी मात्र छान आहे, दिवसभर बाहुल्यांशी दवाखाना-दवाखाना खेळते. मोबाइल काढून घ्यावा का?”

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली जवळजवळ तीन पानं मोबाइलबद्दल आहेत. मी अडकले ती मात्र दुसऱ्या पानाच्या मध्यावर. ‘तुझ्या क्रिकेटपायी हे झालं.’ हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, ‘तेवढ्यापुरतंच होतं’ म्हणालात आणि पुढे गेलात. नंतर त्याचा उल्लेख नाही. तिथे आल्यावर मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग ते रात्रीचं जागरण, तो बंद कॅमेरा, ती माळ्यावरची बॅट, सगळं मला वेगळं दिसायला लागलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मोबाइल आत्ता काढून घेऊ नका. त्याच्या वापराबद्दल पुढे लिहिणारच आहे, पण त्याच्या आधी करायचं एक काम घरात चार महिने पडून आहे.

तुमच्या मुलाला हिशेब येतो. त्याला ताप आला, तीन दिवसांनी आप्पांना आला, पुढे पंधरवड्याच्या आत आप्पा गेले. या हिशेबाखाली वडिलांनी उत्तरही लिहून दिलं. त्यानंतर तुम्ही कुणी विषय काढला नाहीत तो मायेपोटी, खपली निघू नये म्हणून, हे मला कळतं. पण जरा त्याच्या जागी बसून बघा. घरात एक गोष्ट बोलली गेली. ती कुणी मागे घेतली नाही, खोडून काढली नाही, पुन्हा उच्चारलीही नाही. पंधरा वर्षांचं पोर यातून काय समजेल? सगळ्यांना तसंच वाटतंय, फक्त आता कुणी तोंडावर बोलत नाही, एवढंच.

मी नऊ वर्षांची असताना माझी आजी गेली. आदल्या दिवशी मी तिच्यावर चिडून ‘तू जा इथून’ असं म्हणाले होते. तिला अर्धांगवायूचा दुसरा झटका आला होता हे मला मोठेपणी कळलं. तोपर्यंत कित्येक वर्षं मी ते वाक्य आत घेऊन हिंडत होते. कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, कारण बाहेरून मी शहाणी, समजूतदार दिसत होते आणि आल्यागेल्यांनी तसं कौतुकही केलं होतं. मला तर कुणी दोष दिला नव्हता. माझा मीच घेतला होता. मुलं असं करतात, लहान आणि मोठीही. घरात वाईट घडलं की त्याचा धागा ती स्वतःपर्यंत ओढत आणतात. तुमच्या मुलाला तो धागा ओढावाही लागला नाही, हातात आयता मिळाला.

त्याच्या मनात हेच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी त्याला भेटलेले नाही. पण तुम्ही जे जे लिहिलं आहे त्यात सगळ्यात आधी तपासायला हवं ते हेच.

आता थोडं रोगाबद्दल, कारण या वयाच्या मुलाला ‘असं काही नसतं रे’ म्हणून भागत नाही. त्याला नीट माहिती द्या. कोरोनाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जाऊ शकतात. एकाच दिवशी लागण झालेल्या दोघांपैकी एकाला तिसऱ्या दिवशी ताप येईल, दुसऱ्याला नवव्या. त्यामुळे ज्याला आधी ताप आला त्याच्याचकडून तो घरात आला, असं त्यातून सिद्ध होत नाही. काहींना लागण होऊन एकही लक्षण दिसत नाही, पण त्यांच्यापासून ती इतरांना होऊ शकते. तुम्ही पतसंस्थेत रोज माणसांमध्ये होतात. दुकानात गिऱ्हाईक येत होतं. आप्पा स्वतः दोन दिवस रांगेत उभे होते. हे सगळं मी दोष वाटून घ्या म्हणून सांगत नाही, आणि मुलाची सुटका करण्यासाठी आप्पांच्या रांगेकडे बोट तर चुकूनही दाखवू नका. एप्रिलमध्ये तुमच्या शहरात विषाणू कोणत्या दारातून आत आला हे कुणालाच कळण्यासारखं नव्हतं, एवढंच त्याला समजायला हवं.

मुलगा हुशार असेल तर यावर विचारेल, ‘पण माझ्याकडूनच आला असेल तर?’ या प्रश्नाला घाबरून खोटं बोलू नका. ‘असेलही. ते आपल्याला कधीच कळणार नाही. पण तसं असलं तरी तू आप्पांना काही केलेलं नाहीस. तू खेळायला गेला होतास.’ घरच्यांनी नको सांगितलं असताना तो मैदानावर गेला असेल, तर ती चूक तेवढीच आहे, एका संध्याकाळी न ऐकल्याची. तिच्या पदरात आजोबांचं मरण घालता येत नाही.

हे त्याला कुणी सांगायचं? ज्यांनी ते वाक्य उच्चारलं त्यांनीच.

तुमच्या मिस्टरांवर मला राग नाही, हे त्यांना वाचून दाखवा. स्वतःच्या वडिलांचा श्वास अडकलेला, शहरभर फोन फिरवून बेड मिळत नाही, आणि हातात करण्यासारखं काहीच नाही. अशा वेळी माणूस कारण शोधतो, कारण सापडलं की निदान कुणावर तरी ओरडता येतं. सगळ्यात जवळ मुलगा होता. आणि बापाला निरोप देताना त्यांच्यासोबत एक भाऊ सोडून कुणी नव्हतं. त्यानंतर दुकान, उधारी, बँकेचे हप्ते. त्यांना स्वतःला रडायला वेळ मिळाला का, हे घरात कुणी विचारलंय असं पत्रावरून वाटत नाही. ‘आठ दिवसांत सरळ येईल’ या बोलण्यातही मला ती धास्तीच ऐकू येते, की एक माणूस हातातून गेलं, आता मुलगाही चाललाय.

बाप मुलाजवळ चूक कबूल करतो हे आपल्या घरांमधून फारसं रुळलेलं नाही. म्हणून ते कसं करता येईल हे जरा सविस्तर लिहिते. मुलाला समोर बसवून नको. ‘बस इथे, तुझ्याशी बोलायचंय’ म्हटलं की पोरं आधीच दार लावून घेतात. दुकानात माल लावायचा असेल, कुणाकडे पंखा बसवायला जायचं असेल, तर त्याला सोबत न्यावं. हाताला काम असलं आणि नजर एकमेकांवर नसली की बोलणं सोपं जातं, हे मी शाळेतल्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं पाहिलं आहे. मग एवढंच म्हणावं: ‘आप्पांना बेड मिळत नव्हता तेव्हा मी तुला जे बोललो ते चुकीचं होतं. मी घाबरलो होतो. आप्पा तुझ्यामुळे गेले नाहीत. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं.’ आणि गप्प बसावं. शेवटी ‘पण तूही ऐकत नव्हतास’ असं शेपूट लावलं तर आधीची सगळी वाक्यं फुकट गेली. मुलगा बहुधा काहीच बोलणार नाही. किंवा उठून जाईल, कदाचित ओरडेल. काहीही झालं तरी ते ऐकून घ्यावं, त्यावर वाद नको. दोन-चार दिवसांनी पुन्हा एकदा त्याला सोबत घेऊन जावं, या वेळी तो विषय न काढता.

मिस्टरांना हे जमलं नाही तर चिठ्ठी चालेल. तेही जमलं नाही तर तुम्ही त्यांच्या वतीने माफी मागू नका, ती खरी वाटणार नाही. तुमच्याकडे तुमचं स्वतःचं सांगण्यासारखं आहे: ‘बाबा तुला तसं बोलले ते मी ऐकलं होतं आणि मी गप्प बसले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.’ हे लिहिताना मला तुम्हाला दुखवायचं नाही. त्या दिवसांत तुम्ही स्वतः आजारी होतात. पण मुलाने ते ऐकताना तुमच्याकडे पाहिलं असणार.

तो रडला नाही, हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. तो केव्हा रडणार होता? आप्पा दवाखान्यात गेले तेव्हा तो स्वतः बंद खोलीत होता, ताट दाराबाहेर ठेवलं जात होतं. आप्पा गेल्याचं त्याला दाराआडून कळलं असेल, नाहीतर फोनवर. त्यांना घरी आणता आलं नाही. एरवी आपल्याकडे माणूस गेलं की दहा-बारा दिवस घर भरलेलं असतं. शेजारून पिठलं-भात येतो, येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं हो’ विचारतो आणि घरचे तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगतात. ऐकणाऱ्याला तेच तेच वाटतं, पण त्या सांगण्यातूनच ती गोष्ट हळूहळू घरच्यांच्या पचनी पडते. कुणी एखादी जुनी आठवण काढून हसवतं, मग सगळे पुन्हा रडतात. दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट बघत उभं राहणं, राहिलेली इच्छा कोणती असेल यावर कुजबुजणं, यातलं किती खरं मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण त्या निमित्ताने माणसं एकत्र थांबतात. तुमच्याकडे, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो घरांत, हे झालंच नाही. लोक रामकुंडावर दूरदूरहून अस्थी घेऊन येतात, आणि त्याच नाशिकमध्ये राहणाऱ्या तुमच्या मुलाला आपल्या आजोबांच्या अस्थींना हात लावता आला नाही.

ते आता करता येईल. अस्थी पुन्हा येणार नाहीत, पण आप्पांबद्दल बोलणं तर घरात परत आणता येईल. पितृपक्षाचं निमित्त आहेच. पहिल्या वर्षी काय करायचं हे तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवा, काहीच मानत नसाल तर एखादा साधा रविवार निवडा. पण काय करायचं ते मुलाला विचारा. आप्पांना कोणती भाजी आवडायची, ते संध्याकाळी कुठल्या बाकावर बसायचे, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तो म्हणाला की त्या बाकावर जाऊन बसू, तर तेच करा. काही नको म्हणाला तर आप्पांचं आवडतं काहीतरी करा आणि जेवताना तुम्हीच एखादी आठवण सांगा. त्याचं ताट खोलीत जाणार असेल तर तिथे द्या, दार उघडं राहील एवढं बघा. ऐकू येईल त्याला.

इथे एक गोष्ट सर्वच वाचकांसाठी. जुलै २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अंदाज प्रसिद्ध झाला. महासाथीच्या पहिल्या १४ महिन्यांत जगभरातल्या १५ लाखांहून जास्त मुलांनी आई, वडील किंवा घरात राहून सांभाळ करणारे आजी-आजोबा, नातलग गमावले. त्या संशोधकांनी आजी-आजोबांना मोजलं, याचं मला फार बरं वाटलं. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे ५ लाखांची ठेव ठेवायचं ठरवलं आणि ते अत्यंत गरजेचं होतं. पण ज्या मुलाला शाळेतून आणायला आजोबा यायचे, ज्याचा अभ्यास आजी घ्यायची, त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. ‘वय झालं होतं त्यांचं’ असं आपण म्हणतो. मुलाच्या दिवसातले चार-पाच तास रिकामे झालेले असतात, त्यांचं वय होऊन गेलेलं नसतं.

दहावीबद्दल तुम्ही ‘परीक्षेविना’ एवढंच लिहिलंत. तुमच्या मुलाच्या तुकडीकडे जरा नीट पाहा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्यांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा झाली नाही. दहावीचं जवळजवळ सगळं वर्ष मोबाइलवर गेलं. एप्रिल २०२१ मध्ये बोर्डाची परीक्षा रद्द झाली. १६ जुलैला निकाल लागला तो ९९.९५ टक्के, आणि त्यातले निम्मे गुण त्याच अर्धवट नववीवरून धरलेले. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने अकरावीची सीईटी रद्द केली. ती रद्द होणं बऱ्याच मुलांच्या सोयीचंच होतं, पण ज्याने त्यासाठी पुस्तक उघडलं होतं त्याचं पुस्तक पुन्हा मिटलं. दोन वर्षांत या मुलांना कुठलीच गोष्ट शेवटापर्यंत नेता आलेली नाही. निरोप समारंभ नाही, शेवटच्या पेपरनंतर शाई उडवणं नाही, परीक्षेला निघताना हातावर दही नाही. वर ‘कोरोना बॅच’, ‘फुकट पास’ हे शब्द. तुमच्या घरी ते कुणी वापरत असेल, गमतीतही, तर आजपासून बंद. नातेवाइकांनाही स्पष्ट सांगा. त्याने दहावीची वही-पुस्तकं कुठे ठेवली आहेत ते मात्र पाहा. एखाद्या आईने ती मुलासोबत बसून बांधून एका गरजू मुलाला नेऊन दिली, तेव्हा त्याला दहावी संपल्यासारखं वाटलं, असं मला मागे कळवलं होतं. तुमच्याकडे दुसरं काही सुचेल.

आता मोबाइल. त्याची शाळा, क्लास, मित्र, करमणूक सगळं दीड वर्ष त्याच एका चौकटीत आहे आणि ते तसं आपणच करून दिलं आहे. १७ ऑगस्टला शाळा उघडणार म्हणून ठरलं आणि तेही लांबलं. अशात मोबाइल एकदम काढून घेतला तर त्याला शिस्त लागण्याऐवजी एवढंच कळेल की आपण गुन्हेगार आहोत हे आता उघडपणे जाहीर झालं. शिवाय रात्री तीन वाजता तो त्यात काय बघतो हे तुम्हाला ठाऊक नाही. गेम असेल. मित्र असतील. आप्पांचे जुने व्हॉइस मेसेजही असतील.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी मिस्टरांचं बोलणं होऊ द्या, आठवडाभर जाऊ द्या, आणि मग मोबाइलचा नियम करा, तोही सगळ्या घराला. रात्री अकराला सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, बाबांचाही. बाबांचा अपवाद झाला की नियम संपला. झोप रात्रीच्या बाजूने दुरुस्त करायला जाऊ नका. ‘झोप लवकर’ म्हटल्याने कुणालाच झोप येत नाही. उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणा आणि उठल्यावर त्याला पंधरा-वीस मिनिटं उजेडात न्यायचं काहीतरी काम द्या. दूध आणणं, गच्चीवरची झाडं, काहीही. सकाळचा उजेड मिळाला की रात्रीची झोप हळूहळू लवकर येऊ लागते. महिना लागेल. आणि रोज एक वेळचं जेवण एकत्र, पण त्या जेवणात अभ्यास, मार्क, मोबाइल हे तीन विषय नकोत. सुरुवातीला तो दहा मिनिटं बसून उठेल. बसला ना, पुरे.

धाकटी ‘छान’ आहे असं तुम्ही लिहिलंत. असेलही, पण तो दवाखाना-दवाखाना थोडा वेळ शेजारी बसून पाहा. बाहुली बरी होऊन घरी येते का? तिला न्यायला कोण येतं? आठ वर्षांच्या मुली मनातलं बोलून दाखवण्यापेक्षा खेळून दाखवतात. तो खेळ बंद करू नका, त्यात वाईट काही नाही. तिला आप्पांबद्दल काय सांगितलंय, ते मात्र आठवून बघा. ‘देवाघरी गेले’, ‘झोपले’, ‘दवाखान्यातून आलेच नाहीत’ असं सांगितलं असेल, तर उद्या तुम्ही साधं रक्त तपासायला गेलात तरी ती घाबरेल. तिला सरळ शब्दांत सांगा: आप्पांची फुप्फुसं फार आजारी झाली, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण आप्पा वारले, ते परत येणार नाहीत, आणि दवाखान्यात गेलेली बहुतेक माणसं बरी होऊन येतात. ती तेच पुन्हा पुन्हा विचारेल. प्रत्येक वेळी तेच उत्तर, तितक्याच शांतपणे. या वयाची मुलं अधूनमधून अंथरूण ओलं करू लागली, आईला चिकटू लागली, पोट दुखतं म्हणू लागली, तर त्यांना रागावू नका. त्यांना भीती वाटते आहे, आणि ती अशी बाहेर पडते.

आता ज्याची तुम्हाला खरी भीती वाटते आहे आणि जे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, त्याबद्दल. चार महिने झोप उलटी, खाणं-बोलणं कमी, आवडतं ते सोडून दिलेलं. एवढ्यावरून मी म्हणेन की घरातलं हे बोलणं होवो न होवो, त्याला एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘वेडा आहे का तो’ असं मिस्टर म्हणतील. त्याच्या आप्पांना दम लागला तेव्हा आपण डॉक्टरकडे नेलंच ना, तसंच हेही. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे विचारा. मुलाला ‘तुला दाखवायचंय’ असं न म्हणता ‘आपल्या सगळ्यांनाच हे जड गेलंय, मी पण बोलणार आहे’ असं म्हणून सोबत जा, आणि खरंच बोला.

त्याला एक प्रश्न तुम्ही थेट विचारायला हवा: ‘तुला कधी असं वाटतं का की आपण नसावं, जगू नये?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारणारं कुणीतरी आहे हे कळल्यावर मुलं मोकळी होतात. तो ‘हो’ म्हणाला, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोलला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. आप्पांच्या उरलेल्या औषधांचा डबा कपाटात असेल तर तो आजच घरातून हलवा, त्याने काही म्हटलेलं असो वा नसो. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. शिक्षण मंत्रालयाच्या मनोदर्पणचा क्रमांक ८४४८४४०६३२ आहे, तिथे विद्यार्थी आणि पालक दोघांनाही समुपदेशकाशी बोलता येतं. हे दोन्ही क्रमांक फ्रिजवर सगळ्यांना दिसतील असे लावा. मुलगा विचारेल कशाला, तर सांगा, मलाही लागू शकतात.

कारण तुम्हालाही लागू शकतात, ताई. चार पानी पत्रात तुमच्याबद्दल एकच ओळ आहे, ती नोकरीची. सासरे गेले, तुम्ही स्वतः आजारातून उठलात आणि पंधराव्या दिवशी काउंटरला जाऊन बसलात. रात्री तीन वाजता मुलाच्या खोलीतला उजेड तुम्हाला दिसतो, म्हणजे तुम्हीही जाग्याच असता. बहिणीशी, मैत्रिणीशी, ज्यांच्याशी बोलावंसं वाटेल त्यांच्याशी बोला, आणि झोप येत नसेल तर त्याच डॉक्टरांना तेही सांगा.

बॅट माळ्यावरच असू द्या. ‘खेळायला जा, बरं वाटेल’ असं आत्ता कुणी म्हणू नका. त्या बॅटवर आज काय लिहिलेलं आहे ते तुम्हाला कळलंच आहे. कधीतरी तो तिच्याबद्दल स्वतःहून काहीतरी बोलेल. कुणाला तरी देऊन टाक म्हणाला तर लगेच देऊ नका, ‘का रे’ एवढं विचारा आणि ऐका.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या, पूर्ण. आणि गणपती झाल्यावर मला दोन ओळी लिहा. मोबाइलचं काय झालं ते नंतर सांगितलंत तरी चालेल.